चाव्याचा धनी

दोषाचा धनी, पापाचा धनी, कर्जाचा धनी असे शब्दप्रयोग आपल्या भाषेत जुने आहेत. जी गोष्ट ज्याच्या नावावर मांडावयाची, तो तिचा धनी. घरातील कुत्रा ज्यास आपला मानतो त्यासही आपण त्याचा धनीच म्हणतो. प्रस्तुत लेखात आम्हांस विचार करावयाचा आहे तो एवढाच, की पाळलेला कुत्रा जेव्हा कोणास चावतो, तेव्हा त्या चाव्याचा धनी कोण?

देवस्थानच्या पत्रिकेत असल्या विषयास जागा कशास, असे काही सभासदांच्या मनात येईल. परंतु भिक्षुकीच्या निमित्ताने ज्यांना दिवसाकाठी दहा घरची फाटके उघडावी लागतात, त्यांस हा विषय क्षुल्लक वाटत नाही. आमच्या बेळगावात टिळकवाडीपासून शहापूरपर्यंत कोठेही जावे, कुत्र्यापासून सावध राहण्याविषयीची पाटी हटकून दिसते. कोठे ती मराठीत असते, कोठे कानडीत, कोठे इंग्रजीत; आणि कित्येक फाटकांवर यजमानांच्या नावाची पाटी लहान व ही मोठी असते. ह्या पाटीचा अर्थ नीट लावून पाहिला, तर कुत्रा आमचा आणि सावधगिरी मात्र तुमची, असा तो होतो. दूधवाला, टपालवाला, विजेचे मीटर पाहावयास येणारा मनुष्य, कुंपणापलीकडे गेलेला चेंडू आणावयास आलेला शेजारचा मुलगा, ह्या सर्वांनी सावध राहावे. घरच्यांनी काय करावे ह्याविषयी पाटी काही सांगत नाही.

कुत्र्याविषयी आपल्या मनाची स्थिती मोठी चमत्कारिक आहे. दत्तात्रेयांच्या तसबिरीत चार कुत्रे पायाशी उभे असतात व त्यांस आपण गंध लावतो. खंडोबाचे कुत्रे आपणांस पूज्य वाटते. उलट कोणाचा अपमान करावयाचा झाला, तर त्याच कुत्र्याचे नाव घेतो. वाईट मरणासही कुत्र्याचेच मरण म्हणतो. पूजा आणि शिवी ह्या दोहोंच्या मध्ये जो खरा, चार पायांचा, भुकेजणारा, भिणारा प्राणी आहे, त्याच्याकडे निरखून पाहण्याचे मात्र राहून जाते.

ज्यांनी निरखून पाहिले अशांत महाभारतकारांची गणना करावी लागेल. आदिपर्वातील सरमेची कथा पुष्कळांनी ऐकली असेल. तथापि तिच्यातील एका बारीक गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. जनमेजय आपल्या श्रुतसेन, उग्रसेन व भीमसेन ह्या तीन भावांसह कुरुक्षेत्री दीर्घसत्र करीत असता देवशुनी सरमा हिचे पोर तेथे आले. भावांनी त्यास मारून हाकलले. ते रडत आईकडे गेले. आता आईने लेकराची बाजू घेऊन तडक भांडावयास जावे, हे स्वाभाविक झाले असते. सरमेने तसे केले नाही. तुझ्याकडूनच काही अपराध घडला असला पाहिजे, असे ती प्रथम पोरासच म्हणाली. आपण हविर्द्रव्यास तोंड लावले नाही, किंबहुना त्याकडे पाहिलेही नाही, असे पोराने सांगितल्यावर मगच ती यज्ञस्थळी गेली व माझ्या निरपराध पोरास का मारले, असा जाब तिने विचारला. तिघांपैकी एकानेही उत्तर दिले नाही. तेव्हा तिने शाप दिला, की न दिसणारे भय तुम्हांवर येईल. आणि त्या शापाने चिंताक्रांत झालेला राजा पुढे योग्य पुरोहिताच्या शोधात निघाला.

ह्या कथेत चौकशी केली ती कुत्रीने, आणि चौकशीवाचून दंड केला तो राजपुत्रांनी. आजच्या घरांतूनही बहुधा हेच चालते. कुत्रा गुरगुरला की पाठीत काठी बसते. तो का गुरगुरला हे विचारावयास कोणी थांबत नाही, आणि थांबले तरी उत्तर कोठे शोधावयाचे हे ठाऊक नसते.

उत्तर त्याच्या अंगावरच लिहिलेले असते. चार्ल्स डार्विन ह्या शास्त्रज्ञाने मनुष्य व प्राणी ह्यांच्या भावाविष्कारावर १८७२ साली एक ग्रंथ लिहिला. त्यात रागावलेल्या कुत्र्याचे ताठ अंग, उभे केस व रोखलेली दृष्टी, आणि धन्यापुढे लीन झालेल्या कुत्र्याचे खाली झुकलेले लवचीक अंग, ह्यांचे वर्णन त्याने जोडीने केलेले आहे. पुढील अभ्यासकांनी ह्या दोन टोकांच्या मधल्या पायऱ्या मोजल्या. अस्वस्थ झालेला कुत्रा प्रथम मान वळवितो. जांभई देतो, ती झोपेची नसते. जीभ ओठांवरून भराभर फिरवितो. डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असा तिरका पाहतो. एवढ्याने भागले नाही तर कान मागे टाकून, शेपूट पोटाशी घेऊन दूर सरतो. दूर सरावयास जागा नसेल तर अंग ताठ करून क्षणभर दगडासारखा निश्चल होतो. मग गुरगुर, मग दात, मग हवेत तोंड मारणे. आणि हे सर्व व्यर्थ गेले म्हणजे चावा. आपण ज्यास अचानक चावला म्हणतो, त्या चाव्याच्या आधी बहुधा अशा सात-आठ विनवण्या होऊन गेलेल्या असतात.

सभासदांनी आपापल्या घरची छायाचित्रे एकदा काढून पाहावीत. नातवाने कुत्र्याच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आहेत, नातू हसत आहे, आणि कुत्र्याचे तोंड मात्र दुसरीकडे वळलेले आहे, जीभ नाकाशी आहे, डोळ्याची पांढरी कड दिसत आहे, असे एखादे छायाचित्र सापडेल. घरच्यांस त्यात प्रेम दिसते. कुत्र्याच्या लेखी गळ्यास मिठी म्हणजे पळण्याची वाट बंद होणे होय. तो त्या वेळी काही करीत नाही, हा त्याचा सोशिकपणा. परंतु सोशिकपणा रोज पुरेलच असे कोणत्याही प्राण्याविषयी सांगता येत नाही. शेपूट हलते आहे म्हणजे कुत्रा प्रसन्न आहे, ही समजूतही अपुरी आहे. ताठ उभे धरलेले शेपूट टोकाशी भरभर हलू लागले, तर ते उत्तेजनाचे लक्षण असते. मग ते उत्तेजन आनंदाचे असो वा रागाचे.

कुत्र्याच्या रागाचे मूळ बहुतेक वेळी भयात असते. परका मनुष्य, काठी, छत्री, फटाका, पूर्वी एकदा बसलेला मार, ह्यांपैकी कशाचीही स्मृती त्यास पुरते. दुसरे मूळ दुखण्यात असते व त्याकडे फारच दुर्लक्ष होते. आठ-नऊ वर्षे घरात वावरलेला शांत कुत्रा एकाएकी अंगास हात लावू देईनासा झाला, तर तो बिघडला असे म्हणण्यापूर्वी त्याचा कान, दाढ, सांधे व डोळे पशुवैद्यास दाखवावेत. दुखऱ्या गुडघ्यास धक्का लागला तर आजोबाही खेकसतात. त्यांस कोणी हिंस्र म्हणत नाही. तिसरे मूळ राखणीत असते. आपले वाडगे, आपले हाडूक, आपली निजण्याची जागा, कधी आपला मनुष्य देखील, कोणी नेईल ह्या शंकेने तो उठतो. व्यालेली कुत्री पिलांसाठी उठते, तिच्याविषयी तर बोलावयासच नको.

गुरगुरणाऱ्या कुत्र्यास मारले म्हणजे तो गुरगुरणे सोडतो, हे खरे आहे. लोक ह्यालाच यश समजतात. घंटेचा लोलक काढून ठेवल्याने आरतीची वेळ टळत नाही. ती झाल्याचे कोणास कळत नाही, एवढेच होते. मार खाल्लेल्या कुत्र्याचे भय जागच्या जागी राहते, किंबहुना वाढते. सूचना मात्र बंद होते. असा कुत्रा एके दिवशी न गुरगुरता चावतो आणि घरचे म्हणतात, काही कारण नसताना चावला.

मारण्याच्या बाजूने एक शास्त्रीय भासणारा आधार पुष्कळ वर्षे दिला जात असे व अजूनही दिला जातो. कुत्रा हा लांडग्याच्या कुळातला. लांडग्यांच्या कळपात एक बलवान नर सर्वांस दाबून राज्य करतो. म्हणून धन्यानेही कुत्र्यास दाबून, प्रसंगी पाठीवर लोळवून, आपले वर्चस्व दाखवावे, असा तो आधार. ह्या मताचा उगम बाझेल येथील प्राणिसंग्रहालयात आहे. तेथे बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांची भांडणे पाहून रुडोल्फ शेन्केल ह्यांनी आपले निरीक्षण १९४७ साली प्रसिद्ध केले. डेव्हिड मेक ह्या अमेरिकन अभ्यासकाच्या १९७० सालच्या पुस्तकाने तो विचार घरोघरी पोहोचविला. परंतु त्याच मेक ह्यांनी पुढे उत्तरेकडील एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांबरोबर अनेक उन्हाळे काढले आणि १९९९ साली लिहिले, की रानातील कळप म्हणजे बहुधा एक कुटुंबच असते. आई, बाप आणि त्यांची लहानमोठी पोरे. तेथे राज्य बळकावण्याचा प्रश्नच येत नाही. पोरे आईबापांच्या मागून चालतात. कोंडलेल्या, एकमेकांस अनोळखी अशा प्राण्यांचे वागणे पाहून त्या जातीचा स्वभाव ठरविला गेला होता. तुरुंगातील कैद्यांवरून मनुष्यजातीचा गृहस्थाश्रम ठरवावा, तसेच हे झाले! स्वतःच्याच ग्रंथातील मत असे जाहीरपणे मागे घेणारे विद्वान विरळा. त्याबद्दल मेक ह्यांचे कौतुक वाटते.

वर्चस्व दाखविण्याचा परिणाम काय होतो, ह्याचीही मोजदाद झालेली आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुचिकित्सालयात आक्रमक वा अन्य त्रासदायक वागणुकीसाठी कुत्रे घेऊन आलेल्या धन्यांस तेथील संशोधकांनी प्रश्न विचारले व २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांनी कुत्र्यास मारले किंवा लाथ घातली होती, त्यांपैकी ४३ टक्के लोकांनी कुत्रा उलट अंगावर आल्याचे सांगितले. बळाने पाठीवर लोळविणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते. काठीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत.

आता साखळीविषयी. बेळगावच्या आसपास शेतांत धनगरांच्या मेंढ्या बसतात, त्या वेळी त्यांचे कुत्रे ज्यांनी पाहिले असतील त्यांस ठाऊक आहे, की तो कुत्रा काही गरीब नव्हे. रात्री वाघरात परका पाय पडू देणार नाही. परंतु दिवसभर तो कळपाबरोबर कोसच्या कोस चालतो, त्यास काम आहे, जागा आहे, आणि काय राखावयाचे व काय नाही हे त्यास ठाऊक आहे. आमच्या शेजारचे मुधोळ ज्या शिकारी कुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे, ते तर वाऱ्याशी स्पर्धा करण्यासाठीच घडलेले. असले कुत्रे हौसेने आणून बंगल्याच्या फाटकाशी चार हात साखळीने बांधावयाचे, रस्त्याने जाणारा प्रत्येक मनुष्य त्यास दाखवावयाचा व त्याच्यापर्यंत पोहोचू मात्र द्यावयाचे नाही, हा प्रकार वर्षभर चालला म्हणजे त्या प्राण्याचे जे होते त्यास आपण तिखट राखणदार म्हणतो. १९६० साली संसदेने प्राण्यांस क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्याच्या अकराव्या कलमात आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ प्राणी बांधून ठेवणे हा अपराध मानला आहे. आणि नेहमी बांधून अथवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसा फिरविण्याची हयगय करणे हाही वेगळा अपराध सांगितला आहे. ही दुसरी गोष्ट फारच थोड्यांस ठाऊक असते. पहिल्या अपराधास दंड मात्र त्या कायद्यात दहा ते पन्नास रुपये एवढाच लिहिला आहे. साखळीची किंमत त्याहून अधिक असते.

कित्येकांचे म्हणणे असे, की हा सारा जातीचा प्रश्न आहे. अमुक जातीचे कुत्रे पाळूच नयेत. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने पिटबुल, रॉटवायलर इत्यादी २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री बंद करावी असे राज्यांस कळविले होते. संबंधितांचे म्हणणे न ऐकता ते काढले म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते रद्द केले. बलवान जबड्याच्या कुत्र्याचा चावा अधिक घातक असतो ह्यात शंका नाही, आणि फिरविण्यास वेळ व आवरण्यास हात नसलेल्या गृहस्थाने असला कुत्रा आणू नये, असे आमचेही स्पष्ट मत आहे. परंतु स्वभाव जातीवरून ओळखता येतो, ही समजूत टिकत नाही. अमेरिकेत १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या धन्यांकडून माहिती गोळा करून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, कुत्र्याकुत्र्यांतील वागण्याच्या फरकापैकी सुमारे ९ टक्के फरकच जातीने उलगडतो असे आढळले. माणसास जातीवरून ओळखण्याची खोड ज्या समाजास इतकी महाग पडली, त्याने निदान येथे तरी ती आवरावी.

उपाय काय, हे विचारणे रास्त आहे. पहिला उपाय पिलाच्या वयात करावयाचा असतो. स्कॉट व फुलर ह्यांनी अमेरिकेतील मेन प्रांतात वर्षानुवर्षे पिले वाढवून १९६५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यावरून तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिलाच्या मनाची घडण करणारा ठरला आहे. ह्या काळात ज्याने म्हातारी माणसे, मुले, छत्र्या, सायकली, शंखाचा व घंटेचा आवाज, हे सर्व न भिता पाहिले-ऐकले, त्यास पुढे ते परके वाटत नाही. चौथ्या आठवड्यात आईपासून तोडून टोपलीतून विकावयास आणलेले पिलू घेणाऱ्याने हा काळ अर्धा गमावलेला असतो.

मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत काम हळू चालते. तो कशास, किती अंतरावरून, कोणत्या वेळी चिडतो, ह्याची आठ दिवस वहीत नोंद ठेवावी. टपालवाला वीस हातांवर असता तो नुसता कान टवकारतो, दहा हातांवर आला की भुंकतो, असे आढळले तर वीस हातांवरच त्यास आवडीचा तुकडा द्यावा. टपालवाला दिसला की तुकडा, दिसेनासा झाला की तुकडा बंद. काही आठवड्यांनी अंतर थोडे कमी करावे. घाई केली की सर्व पुन्हा पहिल्यापासून. वाडग्यावर गुरगुरणाऱ्याचे वाडगे ओढून घेऊ नये. जवळून जाताना त्यात अधिक चांगला घास टाकावा, म्हणजे जवळ येणारा हात नेणारा नसून देणारा आहे हे त्यास कळते. लहान मूल व कुत्रा ह्यांस एका खोलीत एकटे ठेवू नये, मग तो कुत्रा कितीही गुणी असो. बाहेर नेताना जाळीचे मुसके घालण्यास लाजू नये. त्यातून कुत्रा धापू शकतो, पाणी पिऊ शकतो. आणि घरात तुकडे देऊन आधी सवय केली तर ते आनंदाने घालून घेतो.

आमच्या व्यवसायाशी संबंध येतो म्हणून एक विशेष विनंती. सत्यनारायणाच्या पूजेच्या दिवशी घरात चाळीस परकी माणसे येतात, दाराशी चपलांचा ढीग पडतो, होमाचा धूर, शंख, टाळ्या, धावणारी मुले आणि सर्वत्र तुपाचा व शिऱ्याचा वास. यजमान म्हणतात, आमचा काही करीत नाही, आणि त्यास मंडपाशी बांधतात. त्या दिवशी त्यास आतल्या खोलीत, पाणी व चघळावयास हाडूक देऊन, दार लावून ठेवावे. ह्यात त्याचा अपमान नाही. परिचयाच्या एका घरी तर फाटकावरची जुनी पाटी काढून, घंटी वाजवून थांबावे, आम्ही कुत्र्यास आत नेऊन दार उघडतो, अशा अर्थाची पाटी लावलेली आम्ही पाहिली. त्या घरी जावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

चावा झालाच, तर पहिले काम नळाखाली साबणाने जखम पंधरा मिनिटे धुण्याचे. हळद, चुना, तिखट काही भरू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे, लस घ्यावी, व जखम खोल असेल तर जखमेत टोचावयाच्या औषधाविषयी डॉक्टरांस विचारावे. पिसाळण्याचा रोग एकदा प्रकट झाला की त्यावर उपाय जवळजवळ नाहीच, आणि जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे त्याने दगावतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्या कुत्र्यास दरवर्षी लस टोचून तिचा कागद घरात ठेवणे, हे धन्याचे किमान कर्तव्य होय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाप्रमाणे, ताब्यातील प्राण्यापासून संभवणारा धोका टाळण्याची हयगय करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. चाव्याचा धनी कोण, ह्याचे उत्तर निदान कायद्याने तरी दिलेले आहे.

परंतु कायद्यास चुकविण्याची एक वाट आहे, आणि ती आमच्या देवळापर्यंत येते. चावू लागलेला कुत्रा रात्री गाडीत घालून देवळाच्या मागे आणून सोडण्याची रीत पडली आहे. येथे प्रसाद मिळतो, भुकेने मरणार नाही, शिवाय देवाच्या दारी सोडला, असे समाधान. गेल्या श्रावणात असाच एक कुत्रा आला. मानेभोवती पट्ट्याने झिजलेल्या केसांची खूण होती. तीन दिवस तो रस्त्याकडे तोंड करून बसला व येणाऱ्या प्रत्येक गाडीस उठून पाहू लागला. चौथ्या दिवशी फुले विकणाऱ्या बाईंची मुलगी टोपलीशी निजलेल्या त्या कुत्र्यास बाजूस सारण्यास गेली, तिचा हात त्याच्या कानास लागला, आणि तो तिच्या मनगटास चावला.

चावणारा कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवावयाचा असतो. तेवढ्यात तो निरोगी राहिला, तर चावतेवेळी तो पिसाळलेला नव्हता असे समजतात. लस मात्र तोपर्यंत थांबवावयाची नसते. कुत्र्यास मागच्या पडवीत बांधले व भाकरी नेऊन देण्याचे काम आमच्याकडे आले. पशुवैद्यांनी दुरून पाहूनच सांगितले, की डावा कान आतून सडला आहे. कित्येक आठवडे सडत असला पाहिजे. ज्या घरी तो चावू लागला असेल, त्या घरी त्याच्या कानात कोणी डोकावले नव्हते. पुढे महिन्याभराने कान बरा झाला व तो पुन्हा कोणास चावला नाही, ही गोष्ट वेगळी. ते त्या वेळी कोणास ठाऊक नव्हते.

त्या दहा दिवसांत सभामंडपात रोज वाद चाले. काही म्हणत, मारून टाकावा. काही म्हणत, खानापूरच्या रानाकडे नेऊन सोडावा. देवाच्या दारी आलेल्यास हाकलणे हे पाप, असे तिसरे म्हणत. पण त्यांपैकी कोणी त्यास घरी नेण्यास तयार नव्हते. धर्मराजाने स्वर्गाच्या दाराशी कुत्र्याचा त्याग केला नाही, हा दाखला अर्थातच निघाला. आम्हांस तो दाखला ज्याने कुत्रा आणून सोडला त्यास लागू वाटतो. आश्रिताचा त्याग करावयाचा नाही ही प्रतिज्ञा कुत्रा ज्याच्या मागून चालत आला त्याची. आणि त्याग करून वर पुण्य मागणे हे तर त्या कथेच्या नेमके उलट. ज्या गावी सोडावयाचा त्या गावीही कोणाची तरी मुलगी फुलांच्या टोपलीशी बसलेली असतेच.

तथापि वाद करणाऱ्यांचा एक प्रश्न खरा होता व त्यास बगल देता येत नाही. सर्व उपाय करूनही जो कुत्रा सुधारत नाही, ज्याच्याविषयी पशुवैद्यच सांगतो की ह्याचा भरवसा देता येणार नाही, त्याचे काय? मुले नसलेल्या, मोकळी जागा असलेल्या व सर्व दोष आधी सांगितलेल्या घरी तो देता आला तर द्यावा. दोष लपवून देऊ नये. दोन दारे, मुसके आणि सततचे लक्ष ह्यांवर दहा वर्षे काढण्याची ज्यांची तयारी असेल त्यांनी ती काढावीत, आणि हे तप लहान नव्हे. ज्यांना हे शक्य नाही, त्यांच्यापुढे पशुवैद्याकडून वेदना न होता त्याचा शेवट करविणे एवढाच मार्ग उरतो. ह्यास हिंसा म्हणावे काय? आमच्या मते ती हिंसाच आहे. परंतु मुलाच्या चेहऱ्यावर येणारी हिंसा आणि ही, ह्यांत निवड करावयाची झाली तर कोणती निवडावी ह्याविषयी आम्हांस संशय नाही. मात्र ती गड्यास पाठवून उरकू नये. ज्याच्या हातून त्याने पिलू असताना भाकरी खाल्ली, त्याने त्या वेळी तेथे बसावे.

हे आमचे मत सर्वांस पटले नाही. वाद वाढत गेला तेव्हा कोणीतरी आमच्या तीर्थरूपांस शास्त्रार्थ विचारला. ते नैवेद्याची भांडी पुसत होते. म्हणाले, शास्त्रार्थ सांगेन; पण आधी त्या पोरीची तिसरी सुई कधी आहे, हे कोणी पाहिले आहे काय?

कोणी पाहिले नव्हते. ती दुसऱ्याच दिवशी होती.